‘खांड’ नेटवर आली तेव्हा

माझी कादंबरी पहिल्यांदा टाइप झाली ती भिवंडीत, लग्नपत्रिका करणाऱ्या एका डीटीपीवाल्याकडे. लग्नसराई संपली की त्याच्याकडे फारसं काम नसायचं, म्हणून त्याने पानामागे बेताचे पैसे सांगितले. मी खारबावहून ऑफिसला येताना फुलस्केप वहीतली पानं त्याच्याकडे टाकायची आणि संध्याकाळी घरी जाताना टाइप झालेली घ्यायची. त्याच्याकडे श्रीलिपी होती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं हे सॉफ्टवेअर तेव्हा महाराष्ट्रात गावोगावच्या डीटीपीवाल्यांकडे असायचं. गणपतीच्या आणि कलशाच्या चित्रांच्या फायलींशेजारी माझ्या प्रकरणांच्या फायली जमत गेल्या.

कादंबरी खाडीकाठच्या बांधांची होती. आमच्या भागात खाडीकडची भातशेती मातीच्या बांधांच्या जिवावर उभी असते. बांधाला उघडी ठेवलेली असते, पावसाचं पाणी तिच्यातून बाहेर सोडायचं आणि भरतीचं आत येऊ द्यायचं नाही. उधाणात बांध फुटला की खांड पडते. खारं पाणी एकदा आत आलं की दोन-तीन पावसाळे जमीन धुतली गेल्याशिवाय तिथे नीट भात होत नाही. माझ्या कादंबरीतलं आगरी कुटुंब एकदा असं बुडतं, पुन्हा उभं राहतं आणि पुढे तीच जमीन गोदामासाठी विकून वेगळ्या तऱ्हेने बुडतं. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर माल साठवायला सोयीची जागा म्हणून भिवंडीच्या आसपासच्या गावांत गोदामं उठली, ती आम्ही डोळ्यांदेखत पाहिली. अंजूरफाट्यावरून चिंचोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पूर्वी भाताच्या पेंढ्याच्या गाड्या दिसायच्या, तिथे कंटेनरांच्या रांगा लागायला लागल्या. हे कुणीतरी लिहून ठेवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून कादंबरीचं नाव ‘खांड’.

प्रकाशकांकडे पाठवली. एकांनी कळवलं की विषय चांगला आहे, पण आगरी संवाद पुण्या-नागपूरच्या वाचकाला जड जातील, ते प्रमाण मराठीत करून द्या. दुसऱ्यांनी छपाईचा खर्च मी उचलावा आणि निम्म्या प्रती मीच विकाव्यात, असं सुचवलं. मराठीत नव्या लेखकाच्या कादंबरीची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची, ती विकायला वर्षानुवर्षं लागतात, हे मला माहीत होतं. त्यांचा हिशोब मी समजू शकत होते. पण माझी माणसं प्रमाण मराठीत बोलायला लागली असती तर ती माझी राहिलीच नसती. तेवढी एक गोष्ट सोडायची माझी तयारी नव्हती.

स्टीफन किंगची बातमी मला त्याआधीपासून ठाऊक होती. मार्च २०००मध्ये त्याने ‘रायडिंग द बुलेट’ ही दीर्घकथा फक्त नेटवर आणली आणि पहिल्या चोवीस तासांत चार लाखांहून जास्त लोकांनी ती उतरवून घेतली. मग त्याच वर्षी जुलैत ‘द प्लांट’ नावाची कादंबरी तो भागाभागाने देऊ लागला. सुरुवातीला एका भागाला एक डॉलर, तोही वाचकाच्या प्रामाणिकपणावर सोडलेला. शंभरातल्या पंच्याहत्तर वाचकांनी पैसे दिले तर पुढे लिहीन, असं त्याने जाहीर केलं होतं. सहा भागांनंतर, डिसेंबरात, ते थांबलं. कादंबरी आजही अर्धवट आहे. जगभर नाव असलेल्या माणसाचं हे झालं, तर खारबावच्या बाईचं काय होणार, असं मला म्हणणारे भेटले. मला मात्र त्यातून उलटंच दिसत होतं. किंगचा प्रश्न पैशाचा होता. माझ्याकडे वाचकच नव्हता, आणि वाचक मिळवायला डॉलर लागत नव्हता.

मी भिवंडीत एका कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशोबाचं काम करायची. पॉवरलूमवाल्यांची, सायझिंगवाल्यांची खाती. २००५ला व्हॅट आला, पुढे रिटर्न्स ऑनलाइन भरायची वेळ आली, तेव्हा ऑफिसात ब्रॉडबँड आलं. सहा वाजता साहेब गेले की मला अर्धा तास मिळायचा. त्यात लोडशेडिंग नसेल तर.

तेव्हाची खरी अडचण काय होती, हे आजच्या मोबाइलवर मराठी टाइप करणाऱ्यांना सांगून पटत नाही. डीटीपीवाल्याने दिलेली फाइल श्रीलिपी नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की डॉलरची चिन्हं, कंस आणि इंग्रजी अक्षरं यांची रांग दिसायची. कारण त्या फायलीत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले होते, फाँट काढला की आकार गेले. मराठी वर्तमानपत्रांच्या साइटींचंही तेच. एका पेपरचा फाँट उतरवला तरी दुसरा पेपर वाचता यायचा नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१पासून स्वतःची जागा होती, पण ती आमच्या टेबलापर्यंत यायला पंधरा वर्षं लागली. ऑफिसातल्या विंडोज एक्सपीवर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन, मूळ सीडी घालून, जोडाक्षरांच्या लिपीसाठीच्या फायली टाकाव्या लागल्या. मग मंगल फाँट नीट दिसायला लागला. टाइप करायला मी बरहा घेतलं. ते मुळात कन्नडसाठी निघालेलं, १९९८चं सॉफ्टवेअर, पण मराठीही उत्तम लिहायचं. मराठी कादंबरी नेटवर जाऊ शकली त्याचं सगळ्यात मोठं श्रेय मी युनिकोडला देते. किंडल, ॲप, मोबाइल हे सगळं नंतरचं.

जुन्या फायली युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळायचे. त्यांतून माझं पहिलं प्रकरण बाहेर आलं ते मी अजून विसरलेले नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलट. त्यामुळे ‘गर्दी’चं ‘गदर्ी’ झालं होतं, वेलांट्या भलत्याच अक्षरांना जाऊन चिकटल्या होत्या. सगळ्यात जास्त छळलं ते ‘बंधाऱ्या’ने. माझ्या कादंबरीत बंधारा पानोपानी, बंधाऱ्यावर, बंधाऱ्याखाली, बंधाऱ्यापलीकडे. प्रत्येक ठिकाणी ‘बंधार्या’ असं उमटलेलं. तो अर्धा र मिळवायला र आणि पाय मोडल्याची खूण यांच्यानंतर डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह घालावं लागतं, किंवा खाली टिंब असलेला ऱ वापरावा लागतो. हे मला शोधून काढावं लागलं. मग मी कन्व्हर्टरचा नाद सोडला आणि वह्यांवरून सगळी कादंबरी पुन्हा हाताने टाइप केली. त्यात ती सुधारलीही. दुसऱ्याने टाइप केलेली वाक्यं आपण वाचतो, स्वतः टाइप करताना ती तपासतो.

२००८च्या पावसाळ्यात पहिलं प्रकरण एका फुकट जागेवर टाकलं. नावाच्या जागी फक्त आद्याक्षरं. त्यामागे कारण होतं. घरात जमिनीचा विषय नाजूक होता, दोन भावांनी विकली होती, एकाने नाही. छापील पुस्तक आलं असतं तर प्रकाशनाचा कार्यक्रम, तालुक्याच्या पेपरात फोटो, आणि त्या फोटोखाली माझं सासरचं आडनाव. नेटवर मला यांतलं काहीच करावं लागलं नाही. अनेक महिने वाचक मला ‘सर’ म्हणून मेल लिहीत होते आणि मी ते तसंच चालू दिलं. गावातल्या बाईला गावाबद्दल लिहायचं असेल तर एवढी आडोशाची जागा लागते, आणि त्या काळी ती फक्त नेटने दिली.

वाचक कोण होते? सुरुवातीला परदेशातले. ज्यांच्या घरी चोवीस तास नेट आहे असे. एक बाई मस्कतला नर्स होत्या, मूळच्या पेणकडच्या. डेट्रॉइटचे एक गृहस्थ. मग बंगळुरू, पुणे, ठाणे. ज्या आगरी संवादांची प्रकाशकांना धास्ती वाटत होती, त्यांबद्दल एकानेही कुरकूर केली नाही. विदर्भातल्या एका शिक्षकांनी तर लिहिलं, पहिली चार पानं अडखळलो, मग माणसं ऐकू यायला लागली. हे वाचून मला जो आनंद झाला त्याला तोड नाही.

मस्कतच्या बाईंचं पत्र मात्र वेगळ्या जातीचं होतं. उधाणाच्या रात्री बांध राखायला गडी कंदील घेऊन निघतात, असं माझं प्रकरण होतं. त्यांनी त्यांच्या लहानपणी पाहिलेली तीच रात्र मला लिहून पाठवली. पाणी बांधाच्या माथ्याशी आलं की आधी कुठे बघायचं, तर चिंबोऱ्यांच्या बिळांकडे. चिंबोरी बांधात बिळं करते, त्यातून पाण्याची धार सुरू होते, आणि धार मोठी झाली की बांध खचतो. म्हणून दिवसाउजेडी बिळं पाहून ठेवायची आणि चिखलाचे गोळे करून जवळ ठेवायचे. कुठल्या पुस्तकात मला हे मिळालं असतं? मी ते पुढच्या प्रकरणात घेतलं, त्यांना विचारून. छापील कादंबरीत असं पत्र पुस्तक निघाल्यावर येतं, तेव्हा लेखकाच्या हातात काही उरलेलं नसतं.

भागाभागाने कादंबरी देणं मराठीला नवीन नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ १८९०पासून ‘करमणूक’मध्ये अशीच क्रमशः आली. आठवड्याच्या आठवड्याला लिहायचं म्हणजे काय, हे मला पुस्तकरूपात ती वाचताना कधी जाणवलं नव्हतं, स्वतः शनिवारचा भाग चुकवायचा नाही असं ठरवल्यावर जाणवलं. आठवडाभर डोक्यात तेच. गाडीत, भाकऱ्या करताना, लेजरमध्ये आकडे भरताना. हाताशी तयार हस्तलिखित असूनही मी तिसऱ्या भागानंतर ते जसंच्या तसं देऊ शकले नाही, कारण वाचक प्रश्न विचारत होते आणि त्यांची उत्तरं जुन्या मजकुरात नव्हती. धाकट्या भावाने जमीन विकली नाही, ती का, हे मी मूळ कादंबरीत एका वाक्यात उरकलं होतं. डेट्रॉइटच्या गृहस्थांनी पुन्हा पुन्हा विचारलं. त्यातून एक अख्खं प्रकरण झालं, आणि ते मला आज सगळ्यात जवळचं वाटतं.

मी एकटी नव्हते. सुनील डोईफोडे त्याच सुमारास ‘शून्य’, ‘अद्भुत’, ‘मृगजळ’ अशा कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने नेटवर देत होते, मराठीबरोबर हिंदीत आणि इंग्रजीतही. रहस्यकथा, तंत्रज्ञान, प्रेम, असे विषय माझ्यापेक्षा अगदी निराळे, पण पुढचा भाग कधी येतो म्हणून वाट पाहणारा मराठी वाचक कॉम्प्युटरसमोर बसतो, हे त्यांनी दाखवून दिलं. अमेरिकेतून अजय गल्लेवाले यांनी १९९६मध्ये सुरू केलेल्या मायबोली या साइटवर परदेशस्थ मराठी माणसं कधीपासून कथा-कादंबऱ्या लिहीत होती. आणि इथे आमच्या ठाण्यातून ई साहित्य प्रतिष्ठान मराठी पुस्तकांच्या पीडीएफ फुकट ईमेलने पाठवू लागलं. सुनील सामंत यांचा हा खटाटोप मला फार मोलाचा वाटतो. पुस्तकाला पैसे नाहीत, वाचकाने फक्त लेखकाला आपलं मत कळवावं, एवढीच मागणी. फाइल पीडीएफ असल्याने फाँटची कटकट नव्हती, जसं केलं तसंच समोरच्याला दिसायचं. आमच्या ऑफिसातला शिपाई कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या पुस्तकांच्या प्रिंट काढून घरी न्यायचा.

फुकट दिलं की पुस्तक मरतं, असं तेव्हा बरेच जण म्हणत. कॅनडाच्या कोरी डॉक्टरोने जानेवारी २००३मध्ये आपली पहिली कादंबरी छापील आवृत्तीबरोबरच नेटवर मोफत दिली होती, आणि छापील प्रतीही खपल्या. पुढे अँडी वेअरने ‘द मार्शियन’ आपल्या साइटवर भागाभागाने फुकट दिली, वाचकांनी मागितली म्हणून २०११मध्ये किंडलवर नव्याण्णव सेंटला ठेवली, आणि २०१५मध्ये तिचा सिनेमा झाला. वाचकांतले शास्त्र जाणणारे लोक त्याला चुका दाखवत होते, तो दुरुस्त करत होता. हे वाचलं तेव्हा मला चिंबोऱ्यांच्या बिळांची आठवण झाली. मंगळ असो की खाडी, काम तेच चाललं होतं.

कादंबरी पूर्ण झाली. आणि काही काळाने ती जागाच बंद झाली, जिथे ती होती. सूचना आली होती असं म्हणतात, ती ज्या ईमेलवर आली तो ऑफिसचा होता आणि मी तोवर नोकरी बदलली होती. जुन्या ऑफिसातला कॉम्प्युटर बदलला गेला, हार्डडिस्क भंगारात गेली. माझ्याकडे वह्या होत्या, म्हणजे जुनी कादंबरी होती. वाचकांनी विचारून विचारून जी घडवली, ती नव्हती.

काही पानं इंटरनेट आर्काइव्हमध्ये सापडली. सॅन फ्रान्सिस्कोची ही संस्था ब्रूस्टर काहल यांनी १९९६मध्ये उभी केली. जगभरच्या साइटींची पानं ती आपणहून साठवत असते आणि २००१पासून ती कुणालाही पाहता येतात. खारबावच्या बांधावरची काही प्रकरणं त्यांच्या यंत्रांनी उचलून ठेवली होती, सलग नव्हे, मधली मधली. मग मी ज्यांचे पत्ते होते त्या सगळ्या वाचकांना मेल केली. मस्कतच्या बाईंचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांनी प्रत्येक भागाची प्रिंट काढून ठेवली होती. सगळी.

त्या सुट्टीवर आल्या तेव्हा पनवेल स्टेशनावर भेटायचं ठरलं. आमच्या वसई-दिवा मार्गावर गाड्या मोजक्याच, पण त्यातली वसई-पनवेल गाडी थेट खारबावहून मिळते. पनवेलच्या फलाटावर त्यांनी पिशवीतून स्पायरल बाइंडिंग केलेले दोन जाड गठ्ठे काढले. वर प्लास्टिकचं कव्हर, कोपऱ्यावर चहाचा डाग. मी चाळायला लागले तर समासात जागोजाग पेन्सिलीच्या खुणा. कुठे शुद्धलेखन, कुठे प्रश्नचिन्ह, एका ठिकाणी ‘ओहोटीला हे शक्य नाही’. आणि कंदिलाच्या त्या रात्रीच्या प्रकरणाशेजारी, जरा मोठ्या अक्षरात: ‘बायका कुठे आहेत?’

मी त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “अहो, बिळं बुजवायला चिखल कोण वाहायचं? माझी आई घमेली उचलून उचलून दुसऱ्या दिवशी भाकरी थापू शकायची नाही. तुम्ही बाई आहात हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून मेलमध्ये लिहिलं नाही. म्हटलं, सरांना कशाला बोलायचं.”

घरी आल्यावर मी ते प्रकरण सासूबाईंकडून पुन्हा ऐकलं, म्हणजे त्यांच्या आठवणीतली तशी रात्र ऐकली. आई, म्हणजे सासूबाईच, लिहायला-वाचायला फारशा शिकलेल्या नाहीत, पण कादंबरीचा प्रत्येक भाग नेटवर जाण्याआधी मी त्यांना वाचून दाखवायची. भात निवडत ऐकायच्या. बरं-वाईट काही म्हणायच्या नाहीत. मी थांबले की एकच विचारायच्या, “मंग फुरं काय झाला?” जिथे त्यांनी ते विचारलं नाही, तिथे मजकूर ढिला पडला असं मी समजायची. या वेळी मी त्यांना विचारलं, तेव्हा त्या बोलायला लागल्या आणि बराच वेळ बोलल्या. चिखल कुठून काढायचा, कारण बांधाच्या पायथ्याचा काढला तर बांधच उघडा पडतो. साडीचा काष्टा कसा मारायचा. पोटुशी बाई असेल तर तिला उघडीवर कंदील धरून बसवायचं. प्रकरण नव्याने लिहिलं. कादंबरीची ही तिसरी घडण, आणि यात रात्रभर बांधावर बायका आहेत.

घरात हे लेखन माझं आहे हे सासूबाई आणि माझे यजमान यांनाच माहीत होतं. ते बाहेर फुटलं ते मोबाइलमुळे. २०१६मध्ये जिओ आलं आणि गावात ज्याच्या त्याच्या हातात नेट आलं. एके संध्याकाळी ओटीवर दिराचा मुलगा व्हॉट्सॲपवर आलेलं काहीतरी मोठ्याने वाचत होता. खांड पडते ते प्रकरण. कुणीतरी उचलून पुढे ढकललेलं, खाली नाव नाही, वर ‘जरूर वाचा’. आई आत स्वयंपाकघरात होत्या. तो वाचता वाचता अडखळला तर आतून पुढचं वाक्य आलं. तो उठून आत गेला. “आजी, तुना कसा म्हाईत?” आई म्हणाल्या, “माजे सुनंनी लिवलाय.”

रात्री थोरल्या दिरांनी बोलावलं. जमीन विकणाऱ्या दोघांतले ते एक. मी समोर बसले. त्यांनी सगळं वाचायला मागितलं, मी बाइंडिंगचे गठ्ठे दिले. आठवडाभर काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, “गुंठ्याचा भाव फार कमी लिहिलायस. पैसे बरे मिळाले होते. गेले ते नंतर.” त्या वाक्याने कादंबरीतल्या थोरल्या भावाकडे बघायची माझी नजर बदलली. तो भाव मी दुरुस्त केला, आणि पैसे कसे गेले त्याचं पानही त्यांना विचारून वाढवलं.

ज्याने नाव काढून मजकूर पुढे पाठवला त्याच्यावर माझा राग आहे आणि तो राहील. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिलं त्या क्षणी ते लेखकाचं होतं, नोंदणी लागत नाही, आणि लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं तो हक्क राहतो. पण व्हॉट्सॲपवर कुणाला धरणार? नाव ठेवून पाठवलं असतं तर मी आनंदाने परवानगी दिली असती.

डिसेंबर २०१६मध्ये किंडलवर मराठी पुस्तकं मिळू लागली आणि लेखकाला स्वतः पुस्तक चढवता येऊ लागलं. मी ‘खांड’ चढवली, या वेळी पूर्ण नावानिशी. पैसे थोडे येतात, पण येतात, आणि कुणाच्या मध्यस्थीशिवाय. बंगळुरूहून २०१४मध्ये सुरू झालेल्या प्रतिलिपी या लेखन-वाचनाच्या साइटवर तर मराठीत लिहिणाऱ्या बायकांचा जणू पूर आला. त्यांतल्या कितीतरी जणी गृहिणी आहेत, दुपारच्या वेळात मोबाइलवर लिहितात. कुणी त्यांना नाकं मुरडली की मला राग येतो. त्यांना दुसरं दार उघडं नव्हतं. मला खटकतं ते वेगळं. आता वाचकांचे आकडे दिसतात, तारे दिसतात, ‘छान’, ‘पुढचा भाग लवकर’ एवढं येतं. ‘बायका कुठे आहेत’ असं विचारणारा वाचक त्या आकड्यांत कुठे दिसत नाही. आणि प्रत्येक भागाचा शेवट टांगता ठेवायची सवय लागते, त्यात गोष्टीचा श्वास कापला जातो. माझ्या पहिल्या वाचकांनी मुद्रितशोधकाचं, संपादकाचं आणि सरतेशेवटी ग्रंथपालाचं काम केलं, एक पैसा न घेता. प्रकाशनसंस्थेत या कामांना माणसं नेमलेली असतात. नेटवर ती नेमावी लागतात, किंवा नशिबाने मिळतात. मला मिळाली.

जपणुकीचा प्रश्न मला अजून बोचतो. छापील पुस्तक निघालं की १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने त्याची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते, आणि आणखी तीन ग्रंथालयांनाही. तो कायदा केला गेला छापील पुस्तकांसाठी. नेटवर पहिल्या दहा-पंधरा वर्षांत मराठीत ज्या कादंबऱ्या आल्या, त्यांतल्या पुष्कळशा आता उघडतच नाहीत. ज्या जागांवर होत्या त्या गेल्या, लेखकांचे ईमेल बदलले, काहींचे लेखक गेले. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३चं, तिथे शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक आजही हातात घेता येतं, आणि २००८ची कादंबरी मिळत नाही. कुठल्यातरी संस्थेने, विद्यापीठाने हे काम मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. लेखक अजून हयात आहेत, कुणाकुणाच्या कपाटात सीड्या आहेत, प्रिंटा आहेत. मागितल्या तर मिळतील.

माझ्यापुरतं मी केलंय ते असं. ‘खांड’चा साधा युनिकोड मजकूर, कुठल्याही सजावटीशिवाय, तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलाय. थोड्या प्रती छापून घेऊन ग्रंथालयांना आणि आमच्या हायस्कूलला दिल्या. मस्कतच्या बाईंचे गठ्ठे कपाटात आहेत, त्यांच्या पेन्सिलीसकट.

आता शेजारच्या गावातली कॉलेजात शिकणारी एक मुलगी माझ्याकडे रविवारी येते. ती मोबाइलवर कादंबरी लिहितेय, रेतीबंदरावर काम केलेल्या तिच्या आजोबांची. माझे फक्त संवाद आगरीत होते, तिचं निवेदनही आगरीत आहे. बोलून टाइप करायची सोय तिने वापरून पाहिली, पण मोबाइल तिचं आगरी परस्पर प्रमाण मराठीत बदलून टाकतो, म्हणून ती एकेक अक्षर हाताने लिहिते. मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, ॲपवर टाकायच्या आधी फाइल स्वतःकडे ठेव, आणि ‘छान’ म्हणणार नाही असा एक वाचक शोध. तसा एक मी तिला दिला. मस्कतच्या बाई आता निवृत्त होऊन पेणला असतात. त्यांनी पहिल्या भागाची प्रिंट काढली, पेन्सिलीने खुणा केल्या आणि पानांचे फोटो पाठवले. पहिल्याच पानावर तीन प्रश्न आहेत. दोन तिला पटले. तिसरा, रेती काढायला बुडी मारणारा माणूस श्वास किती वेळ धरतो याबद्दलचा, तिला मान्य नाही, आणि त्यावरून दोघींचं सध्या फोनवर भांडण चालू आहे.